राजीनामा कुणाच्या खिशात?

तेरा ऑगस्ट १९४७. पाऊस नुकताच उघडलाय आणि तुम्ही चिखलात उभे आहात. तुमच्या हिशेबाने तुम्ही स्वतःच्या बिल्डिंगच्या फाटकातच आहात: भाईंदर पूर्व, इंद्रलोक, पुढे गोल्डन नेस्टचं सर्कल. पण सर्कल नाही, फाटक नाही, मेट्रोचा पूल नाही. मिठागरांचे बांध आहेत आणि वाफ्यांत मिठाऐवजी पावसाचं पाणी तुंबलंय. दिवाळी उलटून उन्हं तापल्याशिवाय इथे मीठ पिकणार नाही. पलीकडे नवघरची कौलं दिसतात, मध्ये भातशेती. कुणी तुमच्याकडे फारसं बघत नाही. या दिवसांत अनोळखी माणसं सगळीकडेच दिसताहेत.

तुमच्या खिशात घडी घातलेला एक कागद आहे. त्यावर चौदा नावं आणि पुढे खाती: स्वतंत्र भारताचं पहिलं मंत्रिमंडळ. ही यादी नेहरूंनी ४ ऑगस्टला माउंटबॅटनकडे पाठवली आहे. उजवीकडे एक कोरा रकाना आहे, गुणांचा. अट एकच: रकान्यात तेच लिहायचं जे आज, या घडीला, कळू शकतं. पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे, पण त्या ज्ञानावर गुण द्यायचे नाहीत. नाहीतर निकाल हाती घेऊन पेपर तपासल्यासारखं होईल.

बांधावरून चालत तुम्ही भाईंदर स्टेशन गाठता. लोकल विजेवर चालते. १९३६ सालीच विरारपर्यंत तारा आल्या. डब्यावर बीबी अँड सीआय अशी अक्षरं आहेत. पश्चिम रेल्वे हे नाव यायला अजून चार वर्षं आहेत. आणि गाडीत बसायला जागा मिळते! इथे थोडा वेळ थांबायला हरकत नाही, हे पुन्हा होणे नाही.

समोर टोपी घातलेले एक कारकून बसलेत. मांडीवर ‘नवाकाळ’. तुम्ही बोलायला काही काढण्याआधीच ते विचारतात, “आंबेडकरांना घेणार म्हणतात. खरं का हो?”

“म्हणतात खरं.”

“दोनच वर्षं झाली, गांधींनी आणि काँग्रेसने अस्पृश्यांचं काय केलं म्हणून सबंध पुस्तक लिहिलं त्यांनी. आणि आता त्यांच्याच पंगतीला?”

“बंगालची जागा फाळणीत गेली. जयकरांनी सोडलेल्या जागेवर काँग्रेसनेच त्यांना मुंबईतून घटना समितीत पाठवलं की गेल्या महिन्यात.”

कारकून चष्म्याच्या काचा पुसत म्हणतात, “म्हणजे आता बोलायचे बंद होतील.”

हे वाक्य लक्षात ठेवा. मंत्रिमंडळाची यादी वाचणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ते असतं. पद दिलं की तोंड बंद. यादीवर जे काही बोललं जातं, कोणत्या जातीला किती, कोणत्या विभागाला काय, कुणाचा कुणावर डाव, त्या सगळ्याच्या तळाशी हेच गृहीत असतं.

मुंबई सेंट्रलहून फ्रंटियर मेल. पेशावरपर्यंत जाणारी ही गाडी थोड्याच दिवसांत अमृतसरला थांबू लागेल. रात्री डब्यात फाळणीशिवाय दुसरा विषय नाही. तुम्ही कागद काढून बसता. कंदिलासारखा मिणमिणता बल्ब आहे, पण वाचता येतं.

पंधरा तारखेला सकाळी साडेआठला तुम्ही दरबार हॉलमध्ये एका खांबाला टेकून उभे आहात. घुमटाखाली लाल आणि सोनेरी. सरन्यायाधीश हरिलाल कणिया माउंटबॅटन यांना शपथ देतात, मग माउंटबॅटन मंत्र्यांना. एकेक जण पुढे येतो आणि तुम्ही पेन्सिल काढता.

पहिल्यांदा तुम्हीही सगळे करतात तेच करता, बेरीज. काँग्रेसबाहेरचे किती? सहा. हिंदू महासभेचे श्यामाप्रसाद मुखर्जी उद्योग खात्यावर. जस्टिस पक्षातून आलेले षण्मुखम चेट्टी अर्थ खात्यावर. इंग्रजांशी त्यांचं सूत चांगलं होतं ही बोच काँग्रेसवाल्यांच्या चेहऱ्यावर दिसते. जॉन मथाई टाटांकडचे, त्यांना रेल्वे. पारशी उद्योजक भाभांना व्यापार, अकाली बलदेव सिंगांना संरक्षण. आणि आंबेडकर. स्वातंत्र्य काँग्रेसला नव्हे, देशाला मिळालंय, तेव्हा बाहेरची माणसं घ्या असं गांधींनी सुचवलं होतं असं सांगतात. बाई एकच, राजकुमारी अमृत कौर, आरोग्य. सगळ्यांत तरुण जगजीवन राम, वय एकोणचाळीस, कामगार खातं. हा माणूस तीस वर्षांनीही मंत्रीच असेल हे तुम्हाला माहीत आहे, पण अट आठवते आणि तुम्ही रकाना कोरा ठेवता.

मग आंबेडकरांचं नाव येतं आणि तुम्ही अडखळता. कोलंबियात आणि लंडनला अर्थशास्त्र शिकलेला, रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली प्रबंध छापलेला, १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खातं सांभाळताना दामोदर खोऱ्याचा पाया घालणारा माणूस. त्याला कायदा खातं? बॅरिस्टर आहेत, ठीक आहे. पण अर्थ नाही, नियोजन नाही, कामगारही नाही. आज, या घडीला जे कळतं त्यावर बोलायचं तर हे खातेवाटप चुकलेलं आहे. दोन आठवड्यांनी मसुदा समिती नेमली जाईल आणि मग सगळं बदलेल, पण ती समिती घटना समितीची. कायदा खातं मिळालं म्हणून काही ती आपोआप येत नाही. तुम्ही लिहिता: माणूस दहापैकी दहा, खातं दहापैकी चार. कचरत लिहिता, पण लिहिता.

गंमत म्हणजे स्वतः बाबासाहेबांचं मत याहून फार वेगळं नव्हतं.

ते ऐकायला चार वर्षं पुढे या. ऑक्टोबर १९५१, संसदेची गोल इमारत, वरची प्रेक्षकांची गॅलरी. हिंदू कोड बिल रेंगाळून रेंगाळून बाजूला टाकलंय आणि २७ सप्टेंबरच्या पत्राने कायदेमंत्र्यांनी राजीनामा दिलाय. आज ते सभागृहात त्याची कारणं सांगणार म्हणून तुम्ही आलात. उपसभापती म्हणतात, निवेदनाची प्रत आधी दाखवा. बाबासाहेब कागद गोळा करतात आणि निघून जातात. निवेदन बाहेर वर्तमानपत्रांना मिळतं. त्यात बिलाबरोबर बरंच काही आहे: परराष्ट्र धोरण, अनुसूचित जातींकडे झालेलं दुर्लक्ष, मंत्रिमंडळाच्या एकाही महत्त्वाच्या समितीवर आपल्याला न घेणं. आणि खात्याबद्दलची तक्रार. कायद्याच्या जोडीला नियोजन खातं मिळेल असं सांगितलं होतं, मिळालं नुसतं कायदा. आणि कायदा खात्याला आम्ही पूर्वी म्हाताऱ्या वकिलांनी खेळायचं रिकामं खोकं म्हणायचो, असं ते लिहितात.

भाईंदरच्या लोकलमधल्या त्या कारकुनाला इथे आणायला हवं होतं. बोलायचे बंद कुठे झाले?

आता तुमच्या यादीतल्या बाकीच्या बाहेरच्यांचं बघा. मुखर्जी एप्रिल १९५० मध्ये नेहरू-लियाकत कराराच्या वेळी बाहेर पडले. मथाई अर्थमंत्री झाले होते. तेही त्याच वर्षी गेले, नियोजन आयोग मंत्रिमंडळाच्या डोक्यावर बसतोय म्हणून. एकाला नियोजन हवं होतं म्हणून खंत, दुसऱ्याला नियोजन नको होतं म्हणून राजीनामा; नेहरूंची कसरत सोपी नव्हती. चेट्टी १९४८ सालीच गेले होते, पण ते प्राप्तिकर चौकशीतून काही नावं वगळल्याच्या वादात. तो राजीनामा बाकीच्यांच्या पंक्तीत बसवू नका. राजीनामा दिला म्हणजे माणूस थोर, असं माझं म्हणणं नाही.

म्हणणं एवढंच आहे की पहिल्या दिवशी यादी तपासताना एक प्रश्न विचारता येतो आणि तो भविष्य न बघता विचारता येतो: हे पद गेलं तर या माणसाला जायला जागा आहे का? आंबेडकरांना वकिली होती, ग्रंथ होते, स्वतःची संघटना होती. मथाईंना टाटा होते. मुखर्जींकडे अख्खं राजकारण होतं. १९५१ साली त्यांनी जनसंघ काढला. ज्याच्या खिशात राजीनामा असतो त्याच्या तोंडात सल्ला असतो. ज्याला जायला जागाच नाही त्याने बैठकीत काय बोलावं?

हा निकष पक्का आहे असं वाटेपर्यंत काकासाहेब गाडगीळ आडवे येतात. पुण्याचे नरहर विष्णु गाडगीळ, यादीत चौदापैकी एक, खातं बांधकाम, खाणी आणि वीज. दरबार हॉलमध्ये त्यांच्यापाशी तुमची पेन्सिल थांबलीही नव्हती. असल्या खात्याचं नाव वाचताना डोळे खाली घसरतात. पण दोन महिन्यांत काश्मीरवर टोळीवाले आले आणि जम्मूला जोडणारा धड रस्ता भारतातून नव्हता. पठाणकोट-जम्मू रस्ता या खात्याने बांधला. सोमनाथला नोव्हेंबर १९४७ मध्ये सरदार पटेलांबरोबर तेच होते. दिल्लीत निर्वासितांसाठी छपरं हवी होती तीही याच खात्याकडे. तत्त्वासाठी तडकाफडकी बाहेर पडणाऱ्यांत गाडगीळ नव्हते. पक्षाचे माणूस, कामाला लागले. १९५२ साली त्यांना वगळलं गेलं. म्हणून कागदावर दुसरी एक ओळ घाला: ज्या खात्याचं नाव वाचताना जांभई येते, तिथे कोण बसलंय ते दोनदा बघा.

जुलै १९५६. संसदेत पुन्हा, पण या वेळी उभे आहेत चिंतामणराव देशमुख. १९५० साली मथाईंच्या रिकाम्या खुर्चीत आले. महाडजवळचा जन्म, आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, संस्कृतचे पंडित, १९५२ साली कुलाब्यातून निवडून आलेले. त्यांच्या नेमणुकीच्या दिवशी कुणी विचारलं असतं की हा माणूस मराठी म्हणून कधी भांडेल का, तर सगळे हसले असते. इतका साहेबी, इतका मोजका. आता ते सांगताहेत की मुंबई महाराष्ट्राला न देण्याचा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होताच जाहीर झाला, मुंबईतल्या गोळीबाराची चौकशी नाकारली जातेय, आणि महाराष्ट्राविषयी आकस आहे. नेहरू उत्तर देतात, सगळं नाकारतात. नियमांवर बोट ठेवलं तर दोन्ही बाजूंना काही ना काही आधार सापडेल. पण गॅलरीतून तुम्हाला दिसतं ते हे: सहा वर्षं सरकारचा हिशेब लिहिणारा माणूस एका मुद्द्यावर चष्मा काढून खुर्चीवरून उठतो आणि त्याला पुढच्या नोकरीची चिंता नाही.

आता लांबची उडी. वाटेत क्षणभर नागपूरला थांबा, डिसेंबर १९९१: शिवसेना सोडून आलेले छगन भुजबळ मंत्रिपदाची शपथ घेताहेत. पुरे. पुढे.

१५ डिसेंबर २०२४, रविवार. पुन्हा नागपूर. अधिवेशन दुसऱ्या दिवशी आणि विस्तार आज. राजभवनाच्या हिरवळीवर राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन एकोणचाळीस जणांना शपथ देतात: तेहतीस कॅबिनेट, सहा राज्यमंत्री, भाजपचे एकोणीस, शिंद्यांच्या शिवसेनेचे अकरा, अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे नऊ. फडणवीस, शिंदे, पवार यांनी पाचलाच आझाद मैदानावर शपथ घेतली होती. एकूण बेचाळीस. २००३ सालच्या घटनादुरुस्तीने आमदारांच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातलीय, २८८ ना त्रेचाळीस बसतात; एक जागा मुद्दाम रिकामी. तिच्याकडे किती जण बघताहेत ते मोजू नका. बायका चार. १९४७ साली चौदात एक होती. प्रमाण जेमतेम हललंय म्हणा ना.

शेजारी उभा असलेला वार्ताहर वगळलेल्यांची नावं टिपतोय: भुजबळ, मुनगंटीवार. यादीवरची निम्मी बातमी यादीबाहेरच्यांची असते. (भुजबळ २० मे २०२५ ला परत येतील, धनंजय मुंडे यांनी मार्चमध्ये सोडलेल्या अन्न व नागरी पुरवठा खात्यावर. पण तुम्ही रकान्यात लिहू नका.) खाती अजून ठरलेली नाहीत, ती एकवीस तारखेला जाहीर होतील. म्हणजे सहा दिवस या राज्यात खातं नसलेले मंत्री फिरणार. १९४७ च्या यादीत नावासमोर खातं होतं. इथे आधी माणूस आणि मग त्याला शोभेल असं काम. या क्रमावरून बरंच कळतं.

याच सुमारास अमेरिकेत नव्या अध्यक्षाची यादी गाजतेय. तिथे मंत्र्याला सिनेटसमोर बसून उलटतपासणी द्यावी लागते. ॲटर्नी जनरलसाठी ट्रम्पनी पुढे केलेलं मॅट गेट्झ यांचं नाव नोव्हेंबरमध्ये तिथवर पोचण्याआधीच मागे गेलं. आपल्याकडे उलटतपासणी करतो तो पक्षप्रमुख आणि तीही बंद दाराआड.

आणि मग हिरवळीवर ती बातमी फिरते जी ऐकायला तुम्ही १९४७ पासून चालत आलात. शिवसेनेच्या मंत्र्यांकडून प्रतिज्ञापत्रं घेतली जाताहेत: अडीच वर्षांनी सांगितलं की पद सोडू. राष्ट्रवादीतही अडीच वर्षांचंच बोलणं आहे. जागा कमी, इच्छुक जास्त, म्हणून पाळी लावायची. हिशेबाने पाहिलं तर शहाणपणाचंच आहे. पण तुमच्या रकान्याकडे बघा. राजीनामा आहे, तो लिहिलेलाही आहे, फक्त खिसा बदललाय. आंबेडकरांचा, मथाईंचा, देशमुखांचा राजीनामा त्यांच्या स्वतःच्या खिशात होता. हा नेत्याच्या खिशात आहे. १९८५ सालच्या पक्षांतरबंदीने आमदाराचं मत पक्षादेशाला बांधलं गेलंच होतं, आता मंत्र्याचं जाणंही. अशा मंत्र्याला गुण द्यायचे ते कशाचे? हुकूम किती चोख पाळेल याचे देता येतील.

खातेवाटप झाल्यावर इंद्रलोकमध्ये परत या. सोसायटीच्या कट्ट्यावर चर्चा सुरू आहे. “आपल्याकडचे सरनाईक परिवहनमंत्री झाले,” एक काका म्हणतात. तसे ते ओवळा-माजिवड्याचे, पण त्या मतदारसंघात मीरा-भाईंदरचा काही भाग येतो, म्हणून आपलेच. दुसरे म्हणतात, “मग लोकलमध्ये चढायला मिळेल आता!” सगळे हसतात, कारण लोकल केंद्राची. राज्याच्या परिवहन खात्याकडे एसटी आहे, आरटीओ आहे, रिक्षांची भाडी आहेत. जांभई येणारं खातं. पण जानेवारीत एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढेल तेव्हा गावी निघालेल्या याच काकांची जांभई उडेल. गाडगीळांची ओळ आठवा आणि पेन्सिल जपून ठेवा.

शेवटचा थांबा जवळच आहे, चालत नाही पण रिक्षाने जाल. ८ जुलै २०२५, मीरा रोड. मराठी न बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली, व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध मोर्चा काढला; आज त्याला उत्तर म्हणून मराठीचा मोर्चा आहे. परवानगी नाकारली गेलीय, रात्रीत धरपकड झालीय. मागितलेला मार्ग अडचणीचा होता, दुसरा घ्यायला तयार नव्हते, असं मुख्यमंत्री सांगतात. गृह खातं त्यांच्याकडेच आहे. दुपारपर्यंत रस्ता माणसांनी भरतो. तुम्ही गर्दीत आहात, घामाने शर्ट चिकटलाय, आणि समोरून परिवहनमंत्री येतात. पोलिसांची भूमिका चूक आहे असं त्यांनी म्हटलंय आणि मंत्री म्हणून नव्हे, मराठी माणूस म्हणून जातोय असं सांगून ते निघालेत. गर्दी त्यांना ठेवून घेत नाही. घोषणा होतात, खोक्यांच्या, गद्दारीच्या. थोड्याच वेळात ते माघारी फिरतात.

या प्रसंगाची आणि १९५६ ची तुलना करायचा मोह होतो. दोन्ही जुलै, दोन्हीकडे मराठीचा प्रश्न, दोन्हीकडे सरकारातला माणूस सरकारशी सहमत नाही. तुलना पूर्ण न्याय्य नाही. मुंबई कुणाची हा प्रश्न आणि एका मोर्च्याच्या मार्गाचा प्रश्न एका तराजूत घालता येत नाहीत, आणि मीरा रोडच्या पोलिस बंदोबस्तावरून मंत्रिपद सोडावं अशी अपेक्षा कुणी शहाणा करणार नाही. उलट स्वतःच्या सरकारच्या विरोधात बोलत गर्दीत उतरणं, तेही ती आपल्यावर उखडणार हे दिसत असताना, याला काही गुण द्यायलाच हवेत.

फक्त एक बघा. देशमुख बोलले तेव्हा समोरच्यांना ते पटलं असेल वा नसेल, पण त्यांच्यावर विश्वास ठेवावा लागला, कारण बोलण्याबरोबर खुर्ची मोकळी झाली होती. मीरा रोडच्या रस्त्यावरच्या माणसांनी मंत्र्याचं म्हणणं ऐकूनच घेतलं नाही. ते खोटं बोलत होते म्हणून नव्हे. संध्याकाळी ते पुन्हा त्याच मंत्रिमंडळात असणार हे गर्दीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि त्यांनी तिथे किती दिवस राहायचं ते ठरवणारा कागद कुणाकडे असेल याचाही अंदाज होता.